कडता

उद्यमनगरात लेथच्या वर माझी खोली.
खाली लोखंड सोललं जातं, वर मी लिहितो:
छोट्या धंद्यासाठी सगळ्यात भरवशाचं होस्टिंग कुठलं.
लेखाच्या तळाशी एक लिंक, लिंकच्या शेपटीला माझा नंबर.
कुणी तिथून आत शिरलं, पैसे भरले,
की पंचेचाळीस दिवसांनी मला पाच हजार दोनशे.

अप्पांना हे पटत नाही.
शाहूपुरीच्या गूळबाजारात एकतीस वर्षं त्यांनी रवे तोलले.
"गिऱ्हाईक किती देतंय?"
वर्षाला अठराशे.
"आणि तुला बावन्नशे?
गुळापरास दलाली जड झालेली मी तरी बघितली न्हाई.
कोण तरी बुडाय लागलंय.
तू तर न्हवंस न्हवं?"

मी त्यांना राजारामपुरीतल्या गोदाक्कांची मेस सांगितली.
महिन्याचे पैसे आधी. नावं साठ, ताटं चाळीस.
कोण गावाला गेलेला, कोण तापानं पडलेला,
कुणाचं जेवणावरचं मनच उडालेलं.
तसं एका यंत्रात हजार दुकानं,
त्यातली नऊशे झोपलेली.
झोपलेल्यांचं भाडं तेवढं जागं असतं.

"व्हय. पण गोदाक्का ताटाच्या तिप्पट दलाली देती का?"

मग खरं ते सांगावं लागलं.
अठराशे ही किंमत नव्हे अप्पा, ती वानगी.
बोटावर घेऊन चाखायला दिलेली.
पुढच्या वर्षी पाच हजार चारशे,
त्याच्या पुढच्या वर्षीही तेवढेच,
पहाटे, कार्डातून, न विचारता.
सोडून जायचं तर सामान हलवावं लागतं
आणि आपलं सामान कुठं आहे
हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.
कंपनीनं हिशेब करून ठेवलाय,
माणूस सरासरी चार वर्षं विसरतो.
त्या विसरण्यातला पहिला घास माझा.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही.

सदर बाजारच्या निगार मुल्लाणी घरी केक करतात.
त्यांना मीच लिंक पाठवली होती.
साइट त्यांचा भाचा करणार होता, तो मस्कतला गेला.
पानावर अजून "लवकरच येत आहोत",
खाली कुठल्या तरी गोऱ्या बाईचं हसू.
परवा त्यांचा फोन.
"दादा, सकाळी पाच हजार चारशे कटले.
मागच्या वर्षी पण कटले असतील, तेव्हा ईदच्या ऑर्डरी होत्या.
आज लोणी आणायचं होतं. कुठं गेले असतील हो?"

मला नेमकं ठाऊक होतं.
दोन वर्षांपूर्वीच ते माझ्या स्कूटरच्या टायरांत गेले होते.

त्यांच्या वतीनं मी चॅटवर बसलो.
समोरचा फार नम्र. म्हणाला,
मॅडम राहणार असतील तर साठ टक्के सूट.
म्हणजे ते पाच हजार चारशेसुद्धा
कधी किंमत नव्हतेच.
नको म्हटलं. तीनदा विचारलं, तीनदा नको म्हटलं.

रात्री अप्पा आपणहून बोलले.
"आमच्यात रव्यामागं कडता धरायचे.
कागदाचा, फडक्याचा, ओलीचा.
फडकं असायचं छटाकभर, कडता किलोचा.
मीच पुकारायचो.
पण माल त्याच्यासमोर काट्यावर चढायचा रं.
त्यो काट्याकडं बघायचा,
मी त्याच्या तोंडाकडं बघायचो न्हाई.
तुझ्यात काटा कुठं असतोय?"

मी लॅपटॉप उघडा तसाच ठेवला.

लेख काढला नाही. काढायला हवा होता, कदाचित.
एक ओळ घातली फक्त, लिंकच्या वर,
दुसऱ्या वर्षाचा आकडा, ठळक अक्षरांत.
त्या महिन्यात चौदाचे तीन झाले.

निगारताईंनी डबा पाठवला, मावा केक, अर्धा किलो.
अप्पांनी सवयीनं तो हातावर तोलला.
"पन्नास ग्रॅम जास्तच हाय," म्हणाले.
आणि मग, केक चावत, खाली लेथ बंद होताना:
"भागंल का?"

टायर अजून नवे आहेत, मी म्हटलं.